उद्घाटनाची रीत

कुंभारवेशीतलं महिलांचं स्वच्छतागृह बांधून तयार होतं, नळाला पाणीही आलं होतं; पण दाराला कुलूप होतं. नगराध्यक्ष दाजीसाहेब थिटे यांना उद्घाटनासाठी मुहूर्त सापडत नव्हता. तोवर वस्तीतल्या बायका महामार्ग ओलांडून झुडपांमागे जात होत्या. परवा म्हाताऱ्या कौसाबाई ट्रकखाली येता येता वाचल्या.

ते कळताच नगरसेविका हिराताई वाघचौरे तडक नगरपरिषदेत गेल्या. दाजीसाहेबांचं दालन माणसांनी भरलेलं होतं.

"दाजीसाहेब, ते कुलूप उघडा. एखादीचा जीव जाईल."

"हिराताई, या गावात माझ्या हातून फीत कापल्याशिवाय काही सुरू होत नाही," दाजीसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "सगळं कसं रीतीनं व्हायला हवं!"

"मग रीतीनंच करू की," हिराताई म्हणाल्या. "पाणपोई सुरू झाली, तेव्हा पहिला पेला तुम्ही प्यायलात. व्यायामशाळेत पहिलं डंबेल तुम्ही उचललंत. बागेतल्या झोपाळ्यावर पहिला झोकाही तुम्हीच घेतलात, आणि दर वेळी पेपरात फोटो आला. उद्या सकाळी या. फोटोग्राफरला मी सांगून ठेवते."

आधी कुणीतरी खोकलं, मग सगळं दालन हसू लागलं.

"अहो, काय बोलता! ते बायकांचं आहे!" दाजीसाहेब ओरडले.

"तेच तर मी सांगायला आलेय. बायकांचं आहे, तर पहिला मानही बायकांचाच. किल्ली द्या."

दाजीसाहेबांनी खण उघडून किल्ली पुढे सरकवली.

तासाभरात कुंभारवेशीत बायकांची रांग लागली. भाषणाशिवाय पार पडलेलं गावातलं ते पहिलंच उद्घाटन.