भिंतीवरचा पिवळा पट्टा

एकदा एका व्यापाऱ्याला स्वतः स्थापन केलेल्या अंधशाळेसाठी नवा प्रमुख हवा होता. तीन वर्षांत हा चौथा. धर्मादाय संस्थांना योग्य माणूस शोधून देण्यात एका वृद्ध गुरुजींचा हातखंडा होता. व्यापारी त्यांच्याकडे आला. आधीचे तिघेही त्यांनीच दिले होते.

"गुरुजी, या खेपेला टिकणारा माणूस द्या," व्यापारी म्हणाला. "हल्लीच्या लोकांत निष्ठाच नाही हो."

गुरुजींनी मान डोलावली. मोठी माणसं एकमेकांपुढे फार लवकर मान डोलावतात. शेजारी बसलेल्या शिष्येला मात्र ते पटेना. तिघंही कुचकामी? आणि त्यांना निवडणारे गुरुजी तेवढे पारखी?

"पोरी, महिन्याभरात एक नाव आण," गुरुजींनी आज्ञा केली.

नाव तिला चौथ्याच दिवशी मिळालं. अनसूयाबाई. अंध मुलांना शिकवण्यात वीस वर्षं गेलेली, सरकारी शाळेतली पक्की नोकरी, आणि ती सोडायची तयारी. त्या तयारीनेच शिष्येची झोप उडाली. याही बाईंना वर्षात बाहेर पडावं लागलं तर? परत जायला मागे काय उरेल?

ती सोडून गेलेल्या तिघांना गाठायला निघाली. पहिल्याने हात जोडून वाटेला लावलं. दुसरी नुसती रडली. तिसऱ्याने दारातच झापलं, "आम्हाला नेमताना आमची चौकशी गावभर केलीत. शाळेची कुणी केली? जा, जेवणघराबाहेरची भिंत बघून ये."

ती गेली. दुपारभर तिथे उभी राहिली.

निवडीच्या दिवशी सगळे शाळेत जमले, अनसूयाबाईही आल्या. तिथे शिष्येने विचित्रच केलं. उमेदवारासाठी मांडलेली खुर्ची दालनातून उचलली, त्या भिंतीशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "शेठजी, बसा. आज मुलाखत तुमची."

"हा काय पोरखेळ?" गुरुजी कडाडले.

"बसू तर द्या त्यांना." ती भिंतीकडे वळली. लहान मुलाचा हात पोचेल त्या उंचीवर एक पिवळट पट्टा होता, जेवणघरापासून थेट सभागृहापर्यंत. "शेठजी, हा डाग कशाचा?"

"रंग उडालाय. दिवाळीला देऊ."

"वरणाचा आहे. तुम्ही पाहुणे आणता आणि घंटा वाजवता. पोरं अर्ध्या ताटावरून उठतात, खरकट्या हातांनी भिंत चाचपत स्वागतगीत म्हणायला जातात. तिघांनी हे थांबवू पाहिलं. तिघेही गेले."

अनसूयाबाईंनी पट्ट्यावर हात ठेवला. "घंटेची दोरी माझ्याकडे राहील ना?"

व्यापारी लाल झाला. "शाळा मी उभी केली, बाई! माझ्याच शाळेत मी परवानगी मागू?"

"मग मी माझ्या शाळेतच बरी." बाई चपला घालून निघून गेल्या.

"गुरुजी, दुसरा माणूस बघा!"

"बघा ना, गुरुजी," शिष्या फणकारली. "तीन दिलेत, चौथाही द्या. याच भिंतीजवळून तीनदा गेलात की तुम्ही!"

गुरुजी पट्ट्याजवळ जाऊन वाकले. मग सावकाश म्हणाले, "शेठजी, मी त्या तिघांच्या सात पिढ्या तपासल्या. तुम्हाला मात्र एकही प्रश्न विचारला नाही. बरोबरीच्या माणसाची झडती घ्यायचा संकोच वाटला. नेमणूक करायची तर जागा रिकामी लागते. ही जागा कधी रिकामीच नव्हती, तुम्ही तिथे बसलेले आहात. मी ते पाहिलं नाही, हा दोष माझा. चौथा माणूस मी देणार नाही."

व्यापारी तणतणत गेला.

पंधरवड्याने तो परत आला. पिशवीतून त्याने गुंडाळलेली दोरी काढली आणि गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी तिला हात लावला नाही. त्यांनी शिष्येकडे पाहिलं.

"आमच्याकडे काय देता?" ती म्हणाली. "अनसूयाबाईंचं घर नदीपलीकडे आहे. आता निघालात तर दुपारी पोचाल. आणि शेठजी, त्या जेवत असल्या तर हाक मारू नका."

व्यापारी पोचला तेव्हा आतून ताटवाटीचा आवाज येत होता. तो ओट्यावर थांबला.