दोन पाणकावळे आणि मासळीवाला

एका गावात मासळीचा एक व्यापारी होता. गावाचं तळं त्यानं मक्त्यानं घेतलं आणि त्यात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. पुढं वर्षभर घरची चूल त्यांच्याच जिवावर पेटायची होती.

पण तळ्यावर पाणकावळे उतरले. काळे कुळकुळीत, दोन जातींचे. एक बदकाहून थोराड, गळ्याशी पिवळा. दुसरा डोमकावळ्यापेक्षा जरासा मोठा, आखूड चोचीचा. गावची रीत अशी, की सगळी पाखरं उठवायची नाहीत, एक जात तरी राहू द्यायची. मग घालवायची कोणती?

जन्मभर गिऱ्हाइकं पारखलेला गडी, पण इथं पुरता गोंधळला.

"अगं, हा धाकटा त्या थोरल्याचं पोर तर नव्हे?" त्यानं बायकोला विचारलं.

"पोर असतं तर एव्हाना वाढलं नसतं? घाई कसली, नीट बघा की."

तो काठावर बसून बघू लागला. थोरल्यानं बुडी मारली, हातभर मासा वर आणला, उडवून गिळला आणि खडकावर पंख पसरून सुस्तावला. धाकटा मात्र सारखा बुडत होता, निघत होता, आणि दर खेपेला चोच रिकामी! चोर म्हणावं तर चोरी दिसेना, साव म्हणावं तर धडपड थांबेना.

शेवटी व्यापारी म्हणाला, "थोरलाच चोर. डोळ्यांदेखत मासा गिळला त्यानं."

"अहो, पण हातभर मासा आपला कुठला? आपली तर बोटाएवढी!"

"मासा तो मासा. तू नको आणखी घोळ घालू."

डबे बडवून त्यानं थोरल्यांना पिटाळलं. ते गेले ते गेलेच. मोकळ्या खडकांवर धाकटे येऊन बसले.

हंगामाला जाळं ओढलं. शेवाळ निघालं, दोन-चार जुने मासे निघाले. रोहू नावाला नाही. समोर खुंटावर एक धाकटा पंख वाळवत बसला होता.

"अरे लबाडा," व्यापारी ओरडला, "तुझी चोच तर रोज रिकामी असायची!"

"शेठ, पाण्याखालीच गिळलेलं चोचीत कसं दिसेल?" पाणकावळा म्हणाला. "तुम्ही चोच पाहिलीत, पोट पाहायचं राहिलं."

तात्पर्य: ज्याचं खाणं चारचौघांत दिसतं, त्याच्यावरच आळ घेऊ नये, ज्याचं दिसत नाही, त्याचं पोट आधी तपासावं.