न वाजवलेले दगड

सातवीच्या वर्गात नलावडेबाई रंगात येऊन रूपक शिकवत होत्या. तपासणीला आलेले टिपणीससाहेब फळा बघून हसले.

"बाई, ही पोरं नुसते दगड आहेत. यांना रूपक काय कळणार? हा धडा बंद करा, असा शेराच लिहितो."

बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात पाथरवटाची गोदा उभी राहिली.

"साहेब, आम्ही दगड, हे रूपकच झालं की! पण माझे बाबा जात्यासाठी दगड निवडताना आधी हातोडीनं वाजवून बघतात. खणखणला तर घेतात, बद्द वाजला तर टाकतात. तुम्ही आम्हाला न वाजवताच टाकलंत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढली.

"बरं, वाजवून बघतो. पहिला प्रश्न कोणाला?"

बाईंनी पाहिलं, शेवटच्या बाकापर्यंत सगळे हात वर होते.