परक्या घरचा उजेड

कॅमेऱ्यात रोल भरायचे दिवस होते, तेव्हा वस्तूही आपसांत बोलायच्या. फोटोग्राफर कुमुदताईंच्या पिशवीत एक जुना फ्लॅश पडून होता. त्याचा जोडीदार कॅमेरा पडून फुटला होता आणि नवा आलेला कॅमेरा दुसऱ्याच कंपनीचा होता.

एका लग्नात संध्याकाळी वीज गेली आणि नव्या कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅशही नेमका बंद पडला. नवरीच्या फौजी भावाची गाडी सुटायला तासभरही उरला नव्हता. "ताई, सगळ्यांचा एकत्र एक फोटो तरी घ्याच हो," नवरी काकुळतीने म्हणाली. कुमुदताईंनी जुना फ्लॅश बाहेर काढला.

"हा आमच्या घराण्यातला नाही. याची भाषा मला कळत नाही," कॅमेरा कुरकुरला.

फ्लॅश ओशाळला. तेवढ्यात दोघांना जोडणारी साधी वायर म्हणाली, "कॅमेरादादा, तुमच्या घराण्यांच्या खाणाखुणा मलाही येत नाहीत. तुम्ही फक्त 'आता' म्हणा, तेवढं मी पोचवते. बाकीचं ताई हाताने जुळवतील."

कुमुदताईंनी अंतराचा अंदाज घेऊन, आत किती उजेड घ्यायचा ते ठरवणारी कॅमेऱ्याची रिंग फिरवली. कॅमेरा "आता" म्हणाला, वायर धावली आणि कितीतरी महिन्यांनी फ्लॅश लख्ख पेटला. अंधारातून सगळं घर एकदम हसताना दिसलं.

"तुझा उजेड पडला म्हणून चित्र माझ्यात उमटलं. उपकार झाले," कॅमेरा हळूच म्हणाला.

फ्लॅशला भरून आलं. "माझे कसले? हिचे माना."

पण वायर तोवर गुंडाळी होऊन पिशवीत गेलीही होती. त्या दिवसापासून पिशवीत शिरताना फ्लॅश अंग चोरून आधी तिला जागा करून द्यायचा.