तिवरगडच्या गादीवर कोण?

येसू कासारणीचा नवरा सोमा अकरा महिने तिवरगडाच्या कोठडीत होता. आळ काय, तर राजाचा घोडा चोरला! घोडा चौथ्याच दिवशी आपणहून तबेल्यात परत आला. सोमा मात्र परत आला नाही.

सुटकेचा हुकूम निघावा तरी कसा? कैदी सोडायचा तर राजानं राजधानीत बसून स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा खापरपणजोबांच्या वेळचा कायदा. राजधानी तिवरगड, गादी तिथं. पण नऊ वर्षांपूर्वी राजा हंबीरदेवाला गडाच्या नऊशे पायऱ्या नकोशा झाल्या आणि तो नदीकाठी केतकवाडीच्या बागेत राहायला आला. मागोमाग दरबार उतरला, कचेऱ्या उतरल्या, आचारीसुद्धा उतरले. राजधानी वर, कारभार खाली!

येसू गडावर गेली की किल्लेदार म्हणे, "महाराज इथं नसतात." केतकवाडीला गेली की प्रधान त्र्यंबकपंत म्हणत, "बाई, ही राजधानी नव्हे!"

शेवटी एक दिवस ती थेट दरबारात घुसली.

"महाराज, घोडा आला. माझा माणूस कधी यायचा?"

राजा जरा ओशाळला. "पंत, सोडून टाकू या का?"

"कायदा, महाराज!" पंत कडाडले. "जिथं गादी, तिथं राजधानी. आणि गादी हलवली तर कुळाला शाप आहे!"

राजाला शापापेक्षा गुडघ्यांची धास्ती जास्त. तो लोडाला टेकून म्हणाला, "ऐकलंस? मी इथून उठणार नाही, गादी तिथून हलणार नाही. तरीही मी राजधानीत बसलोय असं दाखवून दे, तुझा नवरा सुटला! तीन दिवस देतो. नाही जमलं, तर पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही."

सगळा दरबार खो खो हसला.

"हसा!" येसू म्हणाली. "तुमचे दात तरी दिसले. काम काही कुणाचं दिसत नाही!"

ती तशीच गड चढली. भर दुपारी किल्लेदार घोरत होता, दारं सताड उघडी. येसू सरळ गादीच्या महालात शिरली आणि थबकली. मग बांगड्यांची पाटी रिकामी करून तिनं पदर खोचला.

तिसऱ्या दिवशी झाकलेली पाटी डोक्यावर घेऊन ती दरबारात आली आणि ओरडली, "उठा, उठा! तिवरगडच्या गादीवरचे धनी आलेत!"

सरदारांना वाकायची सवयच. कोण, कुठले हे न बघता सगळे कमरेत वाकले. येसूनं पाटीवरचं फडकं ओढलं. आत एक लठ्ठ बोका! त्यानं मानकऱ्यांकडे पाहिलं, जांभई दिली आणि पंजा चाटू लागला.

"भवाने!" पंत थरथरले. "ही काय थट्टा?"

"थट्टा कसली, पंत? राजधानीच्या गादीवर हाच बसलेला असतो. किल्लेदाराच्या बायकोला विचारा, नऊ वर्षांत दुसरं कुणी बसलेलं तिनं पाहिलं नाही. करा की मुजरा! अर्धा तर झालाच आहे."

"गादीवर चढला म्हणून बोका राजा होतो का गं?"

"नाही होत?"

"मुळीच नाही! गादीमुळं राजा नसतो, राजामुळं गादी असते. महाराज जिथं बसतील, तीच गादी!"

"पुन्हा एकदा बोला, पंत. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"महाराज जिथं बसतील, तीच गादी!" पंत छाती फुगवून गरजले.

येसू राजाकडे वळली. "महाराज, तुम्ही इथून उठला नाहीत, गडावरची गादीही हलली नाही. आता ऐकलंत ना, तुमच्या बुडाखाली आहे तीच गादी. आणि जिथं गादी, तिथं राजधानी, हे पंतांनीच परवा सांगितलं. राजधानीत बसला आहात, आता तोंड तेवढं उघडा! नाहीतर ह्या बोक्याला विचारते. तो तरी गडावर राहतो!"

पंतांची छाती एकदम बसली. राजा आधी लाल झाला, मग त्याच्या पोटातून हसू उसळलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"सोमा सुटला!" तो म्हणाला. "आणि त्याच्याबरोबर अडकलेले सगळे निरपराध सुटले! येसू, हे घे सोन्याचं कडं. आणखी काय हवं, बोल!"

"हुकूम पंतांच्या हातून गडावर पोचवा, महाराज. राजधानी कुठं आहे ते त्यांच्याही पायांना कळू दे!"

राजा पुन्हा खदखदून हसला. "निघा, पंत! आणि पालखी न्यायची नाही!"