बुचावर बसलेली तानाक्का

फार फार वर्षांपूर्वी, राजे परसात भाजी लावीत आणि राण्या स्वतःच्या हाताने लोणचे घालीत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांचा हुकूम चालतो त्या मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी.

एका राजाच्या परसात दगडी हौद होता. हौदात तांबड्या शेपटीचे मासे होते आणि त्यांची राखण तानाक्का करायची. राजाची आई लग्न होऊन या राज्यात आली, तेव्हा माहेरच्या तळ्यातले मासे तिथल्याच पाण्यासकट घागरीत घालून घेऊन आली होती. ती घागर डोक्यावर घेऊन पालखीमागून चार दिवस चालत आलेली पोरगी म्हणजे ही तानाक्का.

आता राजाची आई नव्हती आणि तानाक्काच्या डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता. मासे मात्र वाढून अठ्ठेचाळीस झाले होते. त्यांतल्या सर्वांत थोरल्या माशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. राजा लहान असताना कणकेच्या गोळ्या करून त्याला आपल्या हाताने भरवायचा.

दर चार वर्षांनी हौद उपसावा लागे. तळाशी पाने कुजत, गाळ साचे, आणि गाळातून बुडबुडे येऊ लागले की मासे वर येऊन तोंडे उघडीत. तानाक्काला या कामाला आठ दिवस लागत. हौदातलेच पाणी ती फणसाखालच्या रांजणांत भरून ठेवी. मासे ओल्या फडक्यात धरून त्यांत सोडी आणि उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर जाळी बांधी. मग गाळ काढी. भिंतींवरचे शेवाळ बरेचसे तसेच राहू देई. विहिरीचे पाणी दोन दिवस उन्हात ठेवून त्याचा गारठा घालवी आणि जुन्या पाण्यात ते रोज चार-चार बोटे वाढवी. हौद भरला की मासे सर्वांत शेवटी.

त्या वर्षी तिने हौद निम्म्यावर आणला होता. निम्मे मासे रांजणांत गेले होते, निम्मे अजून हौदात होते. तेवढ्यात कारभारी आला.

कारभाऱ्याने ताटाबाहेर मासा कधी नीट पाहिला नव्हता, पण बोलण्यात तो कुणाला ऐकायचा नाही.

"परवा राजकन्येला बघायला पाहुणे येताहेत," तो म्हणाला. "हौद आरशासारखा लखलखला पाहिजे. बूच काढा, हे घाण पाणी जाऊ द्या, भिंती घासा आणि संध्याकाळच्या आत विहिरीच्या पाण्याने भरून टाका."

"आणि मासे?" तानाक्काने विचारले.

"मासे नव्या पाण्यात सोडायचे. स्वच्छ पाणी कुणाला नको असतं?"

"एकदम दिलं तर माशांना नको असतं. त्यांना हे पाणी अंगवळणी पडलंय. आठ दिवस लागतील."

"तुला एक दिवस दिला," कारभारी म्हणाला आणि त्याने दोन माळ्यांना बूच काढायला खुणावले.

तानाक्काने लुगडे वर खोचले, पायऱ्या उतरून ती पाण्यात गेली आणि हौदाच्या तळाशी असलेल्या लाकडी बुचावर फतकल मारून बसली. छातीपर्यंत पाणी आले. माळी एकमेकांची तोंडे बघत काठावर उभे राहिले.

कारभाऱ्याचा ओरडा ऐकून राजा आला. त्याच्यामागे माळी, आचारी, पहारेकरी, दासी, सगळा राजवाडा गोळा झाला. असा तमाशा कोण सोडतो?

"तानाक्का, ऊठ," राजा म्हणाला.

"नाही उठायची, महाराज. बूच निघालं तर खालचे मासे चिखलात तडफडतील."

"हा आमचा हुकूम आहे!"

"हुकूम मला कळतो, माशांना कळत नाही. त्यांना गार पाण्यात टाकलं की ते मरतात. मग हुकूम तुमचा असो नाहीतर देवाचा."

कुणीतरी हसले आणि राजाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "आजपासून तुझं इथलं काम संपलं. आपलं गाठोडं बांध आणि राज्याबाहेर चालती हो!"

"जाते की," तानाक्का म्हणाली. "आठ दिवसांनी. काम अर्धं टाकून मी आजवर कुठून गेले नाही, इथूनही जाणार नाही."

राजा पाय आपटत निघून गेला. म्हातारीच्या अंगाला हात लावायला पहारेकरी तयार होईनात. तेव्हा कारभाऱ्याने डोके चालवले. रांजणांतले सर्वांत मोठे सात मासे त्याने निवडून काढले. पुढच्या अंगणातला कारंज्याचा हौद सकाळीच घासून ताज्या पाण्याने भरला होता. मासे तिकडे सोडायचे ठरले. पाहुण्यांना दाखवायला सात पुरेत!

तानाक्काने पाहिले. सातांत पांढऱ्या ठिपक्याचा थोरलाही होता.

"अरे, नका नेऊ! ते पाणी गार आहे! निदान त्यांच्या रांजणासकट न्या!"

ती अर्धवट उठली. उठताच माळ्यांचे हात बुचाकडे वळलेले तिला दिसले. ती तशीच पुन्हा खाली बसली. मासे गेले त्या दिशेला बघत ती मोठ्याने रडली, राजवाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पण जागची हलली नाही.

दिवस मावळायच्या आत राजा कारंज्यापाशी आला. पाणी खरोखरच आरशासारखे होते. पांढऱ्या ठिपक्याचा मासा त्यात आडवा तरंगत होता. राजाने कणकेची गोळी मागवली आणि त्याच्या तोंडाशी धरली. माशाचा कल्ला एकदा हलला. मग तोही हलेनासा झाला. बाकीचे सहा त्याच्याआधीच गेले होते.

राजाने तो मासा दोन्ही हातांत घेतला आणि तो परसात आला. तानाक्का अजून बुचावरच होती. ओठ काळेनिळे पडले होते, बोटे सुरकुतली होती.

"सातही गेले?" तिने विचारले.

राजाने मान हलवली.

"मी उठले असते तर हे सात कदाचित वाचले असते, महाराज. पण खालचे सगळे मेले असते. कुणाला वाचवायचं आणि कुणाला मरू द्यायचं, हे तुम्ही मला ठरवायला लावलंत. हे मी तुम्हाला माफ करणार नाही."

राजाशी असे कुणी बोलत नसते. राजा मात्र खाली मान घालून उभा राहिला. मग त्याने विचारले, "आता मी काय करू?"

"आधी त्या माळ्यांना इथून घालवा. मग मला वर यायला हात द्या. आणि उद्या सकाळी विहिरीवर जा. पाणी काढून उन्हात ठेवायचंय."

दुसऱ्या दिवशी राजाने स्वतः पाणी काढले. तळहाताला फोड आले, पण कुरकुर करायची सोय नव्हती. कारभाऱ्याला गाळाच्या पाट्या उचलायला लावले. पाहुणे आले ते थेट चिखलातच. राजाने त्यांना हौदाच्या काठावर बसवले आणि सात मासे कसे मेले ते न लपवता सांगितले. पाहुण्यांनी ऐकून घेतले, मग ते जेवले आणि सोयरीक पक्की करूनच गेले. हिरव्या पाण्यामुळे काही कुणाचे लग्न मोडले नाही.

आठव्या दिवशी हौद काठोकाठ भरला. तानाक्काने रांजणांतले मासे घागरींत घेतले आणि त्या घागरी हौदातच तरंगत ठेवल्या. आतले-बाहेरचे पाणी सारखेच कोमट झाल्यावर तिने त्या हळूच कलत्या केल्या. एक्केचाळीस तांबड्या शेपट्या खाली गेल्या. एकही मासा वर तरंगला नाही.

तानाक्काने हात पुसले, गाठोडे उचलले आणि ती वेशीकडे चालू लागली.

राजा धावत आडवा आला. "कुठे निघालीस? तो हुकूम मी कधीच मागे घेतला."

"मनातल्या मनात घेतला असेल," तानाक्का म्हणाली. "हाकललंत तेव्हा सगळा राजवाडा ऐकत होता."

मग राजाने सगळ्यांना हौदाकाठी बोलावले. त्याच माळ्यांसमोर, त्याच आचाऱ्यांसमोर, त्याच पहारेकऱ्यांसमोर तो म्हणाला, "माझा हुकूम चुकीचा होता. तानाक्काने तो मोडला, म्हणून माझ्या आईचे मासे वाचले."

तानाक्काने गाठोडे खाली ठेवले. पांढऱ्या ठिपक्याच्या माशाला तिने फणसाखाली पुरले होते. त्या जागेवर तिने ओंजळभर पाणी घातले आणि ती रांजण धुवायला बसली.

तात्पर्य: ज्यांचा जीव आपल्या हाती आहे, त्यांच्यासाठी राजाचा हुकूम मोडावा लागला तरी आपली जागा सोडू नये.