भट्टीच्या पोटातली मुलं

दोन राज्यांच्या मधे एक उंच घाट होता आणि घाटाच्या पायथ्याशी कुंभारांचं एक गाव. फार पूर्वीची ही गोष्ट.

घाटापलीकडे लढाई पेटली होती. तिथं आधी ढोल वाजत, मग घोडेस्वार येत आणि मग घरं जळत. अशाच एका जळत्या गावातून एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून निसटली आणि घाट उतरून या गावात आली. आईबाप मागे राहिले होते. ते आहेत की नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं.

गाव वाईट नव्हतं. गोदाक्का नावाच्या कुंभारणीनं दोघांना घरात घेतलं. कुणी घोंगडी दिली, कुणी जुने कपडे दिले. पण मुलांची बोली गावात कुणालाच येत नव्हती. त्यामुळे त्यांनी काय पाहिलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही सांगता आलं नाही.

गावात दवंडी पिटली की दोघं नाहीशी होत. कधी कणगीमागे सापडत, कधी वैरणीत. गावातल्या टवाळ पोरांना तर खेळच मिळाला. ती मुद्दाम फुटकी मडकी बडवत आणि ही दोघं पळाली की हसत.

गोदाक्का पाटलांकडे गेली. "पाटील, त्या पोरांना जरा समज द्या. माझ्याकडची दोघं फार भितात."

पाटील म्हणाले, "अगं, मुलांचा खेळ तो. डोक्यावर छप्पर आहे, पोटाला भाकर आहे. आणखी काय पाहिजे? होईल सवय हळूहळू."

गोदाक्का परत आली.

देवीच्या जत्रेचा दिवस उजाडला. त्याच दिवशी पश्चिमेला अवकाळी आभाळ भरून आलं. गोदाक्काच्या अंगणात कच्च्या विटांची भट्टी रचून तयार होती. पावसाआधी ती पेटवायची म्हणून तिच्या नवऱ्याची, कुंभाराची घाई चालली होती.

तेवढ्यात गावाबाहेरून मोठे ढोल वाजू लागले. दवंडीसारखा एकटा आवाज नव्हता तो. मुलीच्या गावात वाजले होते तसेच, एकावर एक. तिला वाटलं, घोडेस्वार इथवर आले. तिनं भावाला ओढलं. आता कणगी पुरणार नव्हती. समोर भट्टी होती आणि तिच्या तळाशी लाकडं भरायचे बोगदे. तिनं भावाला आत ढकललं आणि पाठोपाठ स्वतः सरपटत शिरली.

आत अंधार होता आणि नाकातोंडात धूळ जात होती. तिनं भावाच्या तोंडावर हात दाबून धरला. ढोल जवळ येत होते. मग पावलं वाजली आणि बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी लाकडं खुपसू लागलं. उजेड गेला. तिनं श्वास रोखला.

बाहेर कुंभार पेटती चूड घेऊन आला.

"पोरं कुठायत?" गोदाक्कानं विचारलं.

"असतील कुठंतरी. ढोल वाजला की लपतातच. येतील संध्याकाळी."

"आधी शोधू."

"आभाळ बघ. पाऊस आला तर सगळ्या विटांचा चिखल होईल. मग वर्षभर खायचं काय?"

गोदाक्कानं आभाळाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं. निम्म्या विटा तिनंच थापल्या होत्या. मग तिनं नवऱ्याच्या हातातली चूड घेतली आणि पाण्याच्या हौदात बुडवली.

"पोरं डोळ्यांना दिसल्याशिवाय विस्तव लावायचा नाही."

तिनं कणगीमागे पाहिलं, गोठा पाहिला. हाका मारल्या, पण ढोलांत तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. ती धावत दाराशी आलेल्या देवीच्या मिरवणुकीत शिरली आणि पुढच्या ढोलावर तळहात ठेवला.

"थांबवा."

"गोदाक्का, देवीचं वाजतंय," ढोलकरी म्हणाला.

"देवी समजून घेईल. माझी लेकरं हरवलीत."

ढोल थांबले. त्या शांततेत भट्टीच्या पोटातून एक दबलेला खोकला आला.

कुंभारानं बोगद्याकडे झेप घेतली. लोकांनी धावत जाऊन लाकडं उपसली. मुलगी आत भावाला छातीशी धरून बसली होती. ती बाहेर येईना. धाकटा मात्र सरपटत बाहेर आला. त्यानं ढोलकऱ्याकडे पाहिलं, मुठींनी छाती बडवून दाखवली, टाचा आपटून घोड्यांच्या टापा वाजवल्या आणि मग दोन्ही हातांची बोटं ज्वाळांसारखी वर हलवली.

तेव्हा गावाला कळलं.

ढोलकऱ्यानं गळ्यातला ढोल काढला आणि लांब नेऊन ठेवला. गोदाक्का बोगद्याच्या तोंडाशी पालथी झोपली आणि हात आत घातला. तिनं मुलीला ओढलं नाही, नुसता हात तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं त्यात एक धुळीनं माखलेला हात आला.

पाऊस आलाच. सगळं गाव चटया, घोंगड्या घेऊन धावलं, तरी निम्म्या विटांचा चिखल झाला. पाटील भिजत उभे होते. ते म्हणाले, "गोदाक्का, तू सांगायला आली होतीस. मी ऐकलं नाही." त्या दिवसापासून गावात ढोल वाजणार असला की आधी कुणीतरी त्या मुलांजवळ जाऊन बसायचं, असं ठरलं. मडकी बडवणारी पोरंही आळीपाळीनं बसू लागली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर गोदाक्कानं दोघांना अंथरूण घातलं आणि ती उठू लागली. मुलीनं शेजारची चटई थोपटली आणि गावाच्या बोलीतला पहिला शब्द उच्चारला.

"इथं."

गोदाक्का बसली. दोघं झोपेपर्यंत ती हलली नाही.

तात्पर्य: परक्या मुलखात आलेल्या लेकराला छप्पर आणि भाकर दिली म्हणजे काम संपत नाही; त्याची भीती समजून घेऊन त्याच्याजवळ थांबणं, हाच खरा आसरा.